लाखी घोडीची दोन छायाचित्रे

सुज्ञ वाचकहो, अश्वांची छायाचित्रे काढणारा म्हणून आज चार जिल्ह्यांत मला ओळखतात. हा व्यवसाय मला कसा प्राप्त झाला, आणि तत्पूर्वी माझ्या हातून कोणता अपराध घडला, ते मी पुढे क्रमाने व खरेपणाने निवेदन करणार आहे. माझे शिक्षण इयत्ता नववीपर्यंतच झाले. भाषेत काही उणे आढळल्यास ते माझे समजावे. घटनेत मात्र मी काही वाढवलेले नाही व काही वगळलेलेही नाही.

सन १९८७ ची गोष्ट. कार्तिक महिना सरत आला होता. शहादे येथील माझ्या चंद्रिका फोटो स्टुडिओत मी एका उपवर मुलीच्या निगेटिव्हवर काम करीत बसलो होतो. त्या काळी मुलगी दाखवण्याआधी तिचा फोटो टपालाने वरपक्षाकडे जात असे. मुलीच्या चेहऱ्यावरील देवीचे वण, मुरुम, नको असलेला तीळ निगेटिव्हवरच पेन्सिलीने आणि ब्लेडच्या टोकाने नाहीसे करण्यात माझा हात धरणारा आमच्या भागात कोणी नव्हता. माझ्या फोटोमुळे आजवर एकशे अकरा विवाह जुळले, असे मी अभिमानाने सांगत असे.

एवढ्यात काठी टेकीत उदेसिंग बापू गिरासे आत आले. तापीकाठच्या एका खेड्यातील हे सत्तरीचे गृहस्थ. शेती बेताची, परंतु घोड्याशिवाय त्यांचा दरवाजा कोणी पाहिलेला नव्हता.

"लोटन, तू नवऱ्या मुलींचे फोटो काढतोस म्हणे."

"हो बापू. कोणाचा काढायचाय? नातीचा का?"

"घोडीचा."

मी हसलो. ते हसले नाहीत. बाकावर बसून त्यांनी उजवा गुडघा दोन्ही हातांनी सरळ केला.

"लाखी विकायची आहे. हा गुडघा गेला. पोरगा सुरतेला गिरणीत, तो काही येत नाही. रुमाल्या गडी होता म्हणून आजवर निभलं. तोही आता पोरीकडे धडगावला जायचं म्हणतो. घोडी कोण बघणार?"

"मग सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा तर तोंडावर आली, बापू. तिथे गिऱ्हाइकांना काय तोटा?"

"गिऱ्हाईक भरपूर. पण कोणतं? वरातवाले दोनदा दारात येऊन गेले. वरातीत घोडी नाचते ती तू पाहिली असशील. ती शिकवतात कशी, ते पाहिलंस?"

"नाही."

"दोन खांबांमध्ये बांधतात, ताशा वाजवतात आणि पायांवर काठी मारतात. पुढे ताशा वाजला की तिला मार आठवतो आणि ती पाय उचलते. लोक म्हणतात, वा, काय नाचते!"

नंतर त्यांनी कोटाच्या खिशातून एक पाकीट काढले. त्यावर पत्ता होता : श्री. विश्वासराव रणनवरे, नीरा नदीकाठच्या एका गावचे.

"यांच्याकडे वीस-बावीस घोडी आहेत. म्हातारी झालेली घोडीसुद्धा ते मरेपर्यंत कुरणात ठेवतात. मी लिहिलं होतं. त्यांचं उत्तर आलं, फोटो पाठवा, मनास आलं तर यात्रेला येऊ. माझं पत्र आतच आहे. तू फोटो घाल, डिंक लाव आणि टाक पेटीत. आमच्याकडचं टपाल आठ दिवसांनी निघतं."

"आणि ते नाही आले तर?"

"तर वरातवाले आहेतच," बापू म्हणाले. "मी घोडी उपाशी तर ठेवू शकत नाही ना."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी यशिका कॅमेरा आणि बारा फोटोंचा एक रोळ घेऊन त्यांच्या गावी गेलो. सोबत मी एक झेंडूची माळही नेली होती. नवरीला हार लागतो, तर घोडीला का नको, अशी माझी समजूत.

लाखी सात वर्षांची होती. रंग कुमैत, म्हणजे काळपटाकडे झुकणारा तांबडा. रुमाल्या पावरा तिचा दोर धरून उभा होता. हा बापूंचाच समवयस्क असावा. चाळीस वर्षे त्याने त्या दारची घोडी सांभाळली होती. मी घोडीच्या गळ्यात माळ घातली, तिच्या तोंडासमोर पाच फुटांवर उभा राहिलो आणि कॅमेऱ्यात डोके घातले.

"फोटोवाले भाऊ," रुमाल्या म्हणाला, "घोडीचा फोटो काढून राहिले का बकरीचा?"

"का?"

"तोंडासमोर उभे राहिले तर तोंड मोठं येईल, पाय बारीक येतील. बकरीच दिसेल."

बापू ओट्यावरून म्हणाले, "बाजूने काढ रे. चारी पाय दिसले पाहिजेत. मान दिसली पाहिजे, गळा दिसला पाहिजे."

मी बाजूला गेलो. आमच्या त्या कॅमेऱ्याची काच वरच्या बाजूस असे, आणि तिच्यात उजवे ते डावे दिसे. माणसाला 'जरा सरका' म्हटले की तो सरकतो. घोडी सरकत नव्हती, मलाच सरकावे लागे, आणि दर वेळी मी नेमका उलट दिशेने जात असे. दोनदा तर गोठ्याच्या कुडाला टेकलो.

"भाऊला उजवा हात कोणता ते माहीत नाही," रुमाल्या घोडीला म्हणाला. "तू घाबरू नको."

इतक्यात घोडीने माळ ओढून खाल्ली. अशा रीतीने नऊ फोटो वाया गेले. दहाव्या वेळी ती क्षणभर स्थिर उभी राहिली, कान पुढे झाले आणि मी खटका दाबला. उरलेल्या दोन वेळी तिने पुन्हा तोंड फिरवले.

स्टुडिओत येऊन मी रोळ धुतला. दहावी निगेटिव्ह उत्तम उतरली होती. फक्त गळ्याखाली, जिथे प्रकाश तिरपा पडला होता, तिथे केसांचा एक फिकट, गोल, विस्कटलेला डाग दिसत होता. मला वाटले, दोराने केस गेले असतील, किंवा जुनी जखम असेल. असा डाग ठेवून फोटो पाठवणे मला कमीपणाचे वाटले. मी नवे ब्लेड घेतले, भिंग लावले आणि दीड तास बसून तो डाग निगेटिव्हवरून इतक्या हलक्या हाताने खरवडला की, छापल्यावर लाखीचा गळा मखमलीसारखा एकसारखा दिसू लागला. वाचकहो, त्या दिवशी मी स्वतःवर प्रसन्न होतो. हे काम बापूंनी सांगितले नसताना मी आपखुशीने केले, याचे मला विशेष समाधान वाटले. फोटो पाकिटात घातला, डिंक लावला आणि पोस्टात जाऊन स्वतःच्या हाताने पेटीत टाकला.

बाराव्या दिवशी बापू पुन्हा आले. या वेळी रुमाल्या त्यांच्यासोबत होता. स्टुडिओत एक कुटुंब फोटोसाठी बसले होते. बापूंनी त्यांचा फोटो होईपर्यंत थांबणे पत्करले. ते लोक गेल्यावर त्यांनी माझ्यासमोर एक पत्र ठेवले आणि त्यावर मी काढलेला फोटो.

"वाच. मोठ्याने वाच."

मी वाचले. "रा. रा. उदेसिंगराव गिरासे यांस. आपल्या पत्रात लिहिले आहे की, घोडीच्या गळ्यास देवमण आहे. सोबतच्या फोटोत गळा कोरा आहे. फोटो स्पष्ट आहे, सबब दिसत नाही असे म्हणण्यास जागा नाही. घोडीस देवमण नसता तरी चालले असते. परंतु जो माणूस पत्रात एक लिहितो आणि पाकिटात दुसरे घालतो, त्याच्या दारी मी येत नाही. फोटो परत केला आहे. विश्वासराव रणनवरे."

"देवमण म्हणजे काय, बापू?" मी विचारले.

रुमाल्याने कपाळावर हात मारला.

बापू शांतपणे म्हणाले, "घोड्याच्या अंगावर केसांचे भोवरे असतात. काही खोटे, म्हणजे अशुभ, काही खरे. खोटा असला तर फुकट दिलं तरी कोणी जनावर दारात बांधत नाही. गळ्याखाली असतो तो देवमण. तो असला की बाकीचे सगळे दोष माफ. शंभरात एखाद्याला असतो. लाखीला आहे. आता मला सांग, तुझ्या फोटोत का नाही?"

खोटे बोलण्यास वाव होता. उजेड कमी पडला, असे म्हणता आले असते, आणि बापूंना त्यातले काही कळले नसते.

"होता, बापू. फोटोत आला होता. मी तो ब्लेडने काढून टाकला."

"काढून टाकला?"

"मला वाटलं, डाग आहे. मुलींचे काढतो तसा काढला."

रुमाल्या आधी हसला, मग त्याचे हसू गेले. "अरे भाऊ," तो म्हणाला, "लोक असा भोवरा मागण्यासाठी देवाला नवस करतात. आणि तू तो हजामत करून टाकला!"

बापू फोटोकडे पाहत राहिले. ते रागावले असते तर मला बरे वाटले असते.

"पंचेचाळीस वर्षं घोडी विकली आणि घेतली," ते म्हणाले. "दातांवरून वय सांगितलं ते तेच निघालं. लंगडी असली तर लंगडी सांगितली. लबाड कोणी म्हणालं नव्हतं."

"मी त्यांना पत्र लिहितो, बापू. चूक माझी, म्हणून लिहितो. दुसरा फोटो काढून पाठवतो, देवमणासकट."

"आणि ते काय म्हणतील? ज्याला पुसता येतं त्याला रंगवताही येतं. पहिल्या फोटोत नव्हता, दुसऱ्यात उगवला. मी त्यांच्या जागी असतो तर हेच म्हणालो असतो."

यात्रा दत्तजयंतीला भरत असे, आणि तिला अकरा दिवस उरले होते. बापू उठून दारापर्यंत गेले, तेव्हा मला एक गोष्ट सुचली.

"बापू, फोटो नाही पाठवायचा. अख्खा रोळ न्यायचा. न कापलेला. बाराच्या बारा निगेटिव्ह एका पट्टीत, एकापुढे एक. मी हात लावला तर खरवड भिंगाखाली दिसते, लपत नाही. मी स्वतः घेऊन जातो त्यांच्याकडे."

"बाराच्या बारा? चुकलेलेसुद्धा?"

"चुकलेलेसुद्धा."

"मागच्या वेळी किती चुकले होते?"

"अकरा."

बापू रुमाल्याकडे वळले. "काय रे?"

"मग भाऊला आधी घोडी दाखवावी लागेल," रुमाल्या म्हणाला. "त्याने अजून पाहिली नाही."

दुसऱ्या दिवशी सूर्य उगवण्याआधीच मी त्यांच्या दारी हजर झालो. या वेळी माळ नेली नव्हती. रुमाल्याने मला कॅमेरा ओट्यावर ठेवायला सांगितले आणि सूर्य उगवेपर्यंत उचलू दिला नाही. त्याने माझा हात धरून लाखीच्या अंगावरून फिरवला. खांदा कुठे संपतो, पाठ कुठे बसते, पोट कुठे वर जाते. गळ्याखाली नेल्यावर माझ्या बोटांना तो भोवरा लागला. डोळ्यांनी पाहिला तेव्हा तो मला डाग वाटला होता. बोटांना तो एखाद्या लहान झऱ्यासारखा लागला, मधोमध एक बिंदू आणि सगळे केस त्याच्याभोवती एकाच दिशेने वळलेले.

"कळलं?" रुमाल्याने विचारले.

"कळलं."

"नाही कळलं. पण सुरू कर."

अडचण अशी होती की, तो भोवरा गळ्याच्या खालच्या अंगाला होता. उभ्याने तो दिसत नसे. ऊन वर चढले की गळ्याखाली सावली पडे. म्हणजे सूर्य जमिनीलगत असेपर्यंत, आणि मीही जमिनीलगत असेन तरच, केसांची वळणे उजेडात वेगळी दिसणार. ओल्या केसांत ती अधिक उठून दिसतील, म्हणून मी पाण्याचा तांब्या मागितला.

"पाणी नाही," बापू ओट्यावरून म्हणाले. "तेल नाही, ब्रश नाही. आहे तशी."

त्या सकाळी अर्ध्या तासात ऊन वर गेले, तेव्हा मी एकही फोटो काढला नव्हता. तिसऱ्या दिवशी मी पुन्हा गेलो आणि शेणामातीत पालथा पडलो. आता प्रत्येक खटका मोजूनच दाबायचा होता, कारण जे चुकेल ते रणनवऱ्यांच्या डोळ्यांसमोर जाणार होते.

पहिल्यात लाखीचे कान मागे होते. दुसऱ्यात मागचे दोन्ही पाय एकामागे एक आले आणि घोडी तीन पायांची झाली. तिसऱ्यात रुमाल्याने कान पुढे यावेत म्हणून डब्यात दाणे खुळखुळवले, आणि लाखीने डब्यातच तोंड घातले. चौथ्यात फक्त शेपूट आले. पाचव्यात रुमाल्या मधे आला, आणि तोही पाठमोरा व वाकलेला.

"माझाही फोटो जाणार का नीरेला?" तो म्हणाला. "आधी सांगायचं होतं, धोतर तरी बदललं असतं."

सहाव्यापासून मात्र काम जमू लागले. घोडीचा कॅमेऱ्याकडील पुढचा पाय किंचित पुढे व मागचा किंचित मागे असला की चारी पाय मोकळे दिसतात, हे मला उमगले. सात, आठ आणि नऊ ठीक होते. दहाव्यात भोवरा आला, स्वच्छ आला. अकराव्यात अधिक स्वच्छ. माझे काम झाले होते. पुरावा मिळाला होता. रुमाल्याने दोर सैल सोडला आणि तो तंबाखू मळू लागला. एक फोटो उरला होता, तो संपवून टाकावा म्हणून मी कॅमेरा तसाच धरून पडून राहिलो.

त्या वेळी तापीवरून वारा आला. लाखीला कोणी हाक मारली नव्हती, डबा वाजवला नव्हता. तिने आपणहून नदीच्या दिशेला मान उंच केली. कान उभे झाले, नाकपुड्या उघडल्या, मानेवरची आयाळ एका बाजूला गेली. पायांची मांडणी आम्ही सकाळपासून करू पाहत होतो, ती तिने एका पावलात केली. गळ्यावर ऊन होते. आणि वाचकहो, त्या वेळी काचेत उजवे कोणते नि डावे कोणते हे माझ्या ध्यानातही आले नाही. मी श्वास घेतला नाही. खटका दाबल्याचेही मला नंतर कळले.

रोळ धुऊन, वाळवून, कागदी नळीत घातला आणि त्याच संध्याकाळी मी धुळ्याची एसटी धरली. धुळ्याहून पुणे, पुण्याहून नीरा, आणि पुढचे चार मैल पायी. दुसऱ्या दिवशी दुपारी मी रणनवऱ्यांच्या पागेत पोहोचलो. विश्वासराव स्वतः एका शिंगराच्या खुरात अडकलेला खडा काढीत होते. पन्नाशीचे, आडवे, अंगात बंडी.

"कोण आपण?"

"लोटन झिपरू शिंपी. शहाद्याहून आलो. उदेसिंग बापूंच्या घोडीचा फोटो मी काढला होता."

त्यांनी खूर खाली ठेवला. "असं होय! नवरीला पावडर लावणारे तुम्हीच का?"

"जी?"

"अहो, मीही गावातच राहतो. स्टुडिओवाल्यांचे फोटो पाहूनच माझ्या पुतण्याचं लग्न झालं. मांडवात मुलगी ओळखू येईना, मुलाच्या आईने विचारलं, थोरली बहीण का आणली?" त्यांनी हात पुसले. "बोला. म्हाताऱ्याने पाठवलं?"

"नाही. मी आलो. बापू खोटे बोलले नाहीत. देवमण आहे. मीच निगेटिव्हवरून खरवडला."

"का?"

"मला तो डाग वाटला."

ते माझ्याकडे बघतच राहिले. मग त्यांनी पागेतल्या गड्याला हाक मारली. "ऐकलं का रे? याला देवमण डाग वाटला!" गडी हसू लागला. मी उभाच होतो. मी रोळ पुढे केला आणि सगळे सांगितले. बाराही एकाच पट्टीत आहेत, मध्ये कुठे कात्री लागलेली नाही, हात फिरवलेला नाही, खरवड शोधायची असेल तर हे भिंग घ्या.

विश्वासरावांनी पट्टी खिडकीशी धरली आणि भिंग लावले. पट्टी एका टोकापासून हळूहळू सरकू लागली.

"कान मागे... ही तीन पायांची का आहे?... खादाड दिसते... ही शेपूट कोणाची?" ते थांबले. "आणि हा कोण वाकलाय?"

"रुमाल्या. बापूंचा गडी."

"हा पण विकायला आहे का?"

गडी पुन्हा हसला. पट्टी पुढे सरकली. दहाव्या फोटोवर ते बराच वेळ थांबले, अकराव्यावर त्याहून अधिक. भिंग गळ्यापाशी नेऊन त्यांनी आडवे-उभे फिरवले.

"आहे," ते म्हणाले. "नितळ आहे. खरवड नाही."

मी सुटकेचा श्वास सोडला. परंतु पट्टी अजून त्यांच्या हातातच होती. ती बाराव्यावर गेली आणि तिथेच थांबली. गडी मागून डोकावला, या वेळी तो हसला नाही.

"हा कोणी काढला?"

"मीच."

"आणि तो पहिला? पाठवलेला?"

"तोही मीच."

"पटत नाही," विश्वासराव म्हणाले.

त्यांनी पट्टी गुंडाळून मला परत दिली, मला जेवायला बसवले आणि भाकरी मोडता मोडता म्हणाले, "एक सांगतो, शिंपी. मी काही भोवऱ्याला दाणा घालत नाही. माझ्या पागेत निम्म्या घोड्यांच्या अंगावर खोटे भोवरे आहेत. लोक टाकून देतात, मी आणतो. देवमण असला काय, नसला काय. पण म्हाताऱ्याने लिहिलं ते फोटोत नव्हतं, म्हणून राग आला."

"मग आता याल?"

"तुम्ही सांगितलं नसतं, तर कोणाला कळलं असतं का?"

"नाही."

"मग येतो," ते म्हणाले. "भाजी घ्या."

दत्तजयंतीच्या दुसऱ्या दिवशी ते यात्रेत आले. वरातवाले आमच्या दावणीशी सकाळपासून घिरट्या घालीत होते. विश्वासरावांनी लाखीला चालवून पाहिले, गळ्याखाली हात घातला, मग बापूंचा हात रुमालाखाली घेतला. यात्रेच्या रिवाजाप्रमाणे बोटांनीच भावाचे बोलणे झाले. काय ठरले ते मला आजवर ठाऊक नाही आणि मी कधी विचारलेही नाही. लाखी ट्रकच्या फळीवर चढताना एकदा अडखळली. रुमाल्याने तिला पाठीवर थोपटले आणि ती चढली. ट्रक निघाल्यावर रुमाल्या रस्त्याकडे पाठ करून तंबाखू मळीत उभा राहिला.

जाताना विश्वासराव मला म्हणाले होते, "चैत्रात या. बावीस आहेत. ब्लेड घरी ठेवून या." मी चैत्रात गेलो. तिथून दुसऱ्या पागांची बोलावणी आली, मग इतर यात्रांची. त्या कामाची सगळी हकिगत येथे सांगत नाही. सहाव्या फोटोपर्यंत जे शिकलो ते कसब होते, ते कोणालाही शिकवता येते. बाराव्यात काय घडले, ते मला आजही नीट सांगता येत नाही. प्रत्येक घोड्यापाशी मी ते पुन्हा घडण्याची वाट पाहतो. कधी घडते, पुष्कळदा घडत नाही.

एक गोष्ट सांगायची राहिली. ट्रक दिसेनासा झाल्यावर मी बापूंना बारावा फोटो दिला. मोठा छापून, चौकटीत बसवून आणला होता. त्यांनी तो मांडीवर ठेवला आणि म्हणाले,

"पहिला कुठे आहे?"

तो माझ्या पिशवीत होता. मी नाइलाजाने काढून दिला. बापूंनी दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवले. एकात मखमलीसारखा गळा, एकात देवमण. ते बराच वेळ एकाकडून दुसऱ्याकडे पाहत राहिले. मला वाटले, आता ते मला शाबासकी देतील, किंवा उशिरा का होईना, रागावतील.

"हा बरा आलाय," बाराव्यावर बोट ठेवून ते म्हणाले.

"जी, बापू."

"पण दोन्ही वेळी घोडी तीच होती, लोटन."

एवढे बोलून त्यांनी बारावा फोटो उपरण्यात गुंडाळला आणि पहिला माझ्या हातात परत दिला. तो आजही माझ्या स्टुडिओत माझ्या खुर्चीसमोरच्या भिंतीवर आहे. गिऱ्हाइके विचारतात, हा असा सुंदर घोडा कोणता? मी सांगतो, असा घोडा नव्हता.

हे साधे निवेदन आपण शेवटपर्यंत वाचलेत, आपला अमूल्य वेळ माझ्या एका चुकीस दिलात, याबद्दल मी सर्व वाचकांचा मनःपूर्वक ऋणी आहे.

आपला नम्र,
लोटन झिपरू शिंपी
चंद्रिका फोटो स्टुडिओ, शहादे